व्याह्यांतलं ‘राहू द्या’

सक्करदरा, नागपूर
२७ जुलै

श्री. बापूजी यांसी,
मार्तंडाचा सादर नमस्कार.

व्याहीबुवा, पत्र पाहून तुम्ही दचकाल. हल्ली पत्र म्हणजे एक तर बँकेची नोटीस, नाहीतर लग्नाची पत्रिका. पण इलाज नाही. गेल्या सोमवारी तुमच्या ट्रॅक्टरसमोर उभं राहून, तुमच्या सगळ्या मंडळींदेखत मी म्हणालो, “यापुढे मी तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही.” भोसल्यांच्या काळापासून आमचं घराणं नागपुरात आहे आणि दिलेला शब्द मोडायची आमच्यात रीत नाही. मात्र लिहिणार नाही, असं मी म्हटलेलं नव्हतं. तुमचा पुतण्या जितेंद्र रोज रामटेकहून सदरला नोकरीला येतो, त्याच्या हाती हे पाठवतो. पाकीट डिंकानं दोनदा चिकटवलं आहे, कारण त्याला वाचनाची फार आवड आहे.

आधी आभाराचं. नाल्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा सुमंत नोकरीपायी रायपुरात. आणि तुमची लेक, म्हणजे आमची सून हर्षा, पाणी ओसरल्याबरोबर खालच्या गल्लीतल्या बुडालेल्या लोकांसाठी शाळेत खिचडी शिजवायला निघून गेली. मी आणि तारा दोघंच चिखलात उभे. अशा वेळी तुम्ही धानाची रोवणी अर्धी टाकून, ट्रॅक्टरभर माणसं घेऊन आलात. सरकार नाही आलं, तुम्ही आलात. दिवस मावळायच्या आत तुमच्या मंडळींनी घर धुतलं, हर्षाची आटाचक्की धुतली, मोटरला तेल पाजलं, भिजलेलं धान्य उचलून फेकलं, आणि एवढ्यावर न थांबता भिंतींना चुनाही मारला. सुमंतच्या लग्नातसुद्धा घर इतकं स्वच्छ नव्हतं. हे उपकार मी विसरणार नाही.

आता तक्रारीचं. फावडं हातात घेतलं की फोटो. बादली उचलली की फोटो. मी विचारलं, “पूर आलाय की जत्रा भरलीय?” तर तुम्ही म्हणालात, “जरा उजेडाकडे सरका.” तिथे माझा तोल सुटला, हे खरं. पण परवा माझी बहीण सुरुची गडावर रामदर्शनाला गेली होती, ती परतली ती पोट धरून हसतच. म्हणाली, तुमच्या रामटेकच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लागला आहे. त्यावर चक्कीच्या मोटरवर एक पाय ठेवून, हाताची घडी घालून तुम्ही उभे, जणू वाघच मारलाय. वर लिहिलंय, ‘पूरग्रस्तांचे कैवारी आमचे बापूजी’. आणि तुमच्या शेजारी बनियन घालून, तोंड उघडं टाकून, हातात टमरेल घेतलेला मी! बनियनला काखेत भोक! आणि माझ्याकडे लाल बाण काढून खाली लिहिलंय, ‘पूरग्रस्त’!

सदतीस वर्षं सरकारी कचेरीत इस्त्रीच्या शर्टाशिवाय गेलो नाही हो मी. तो फ्लेक्स ताबडतोब उतरवावा.

जाता जाता एक. हर्षानं चक्कीचा विमा काढला आहे, पुराचं कलम जोडून. मी तेव्हाच म्हणालो होतो, पुराचा विमा काढणं म्हणजे पुराला अक्षत देऊन बोलावणं. आता विम्याचा माणूस पाहणीला यायचा आहे. येईल, बघेल, जाईल. ते गौण आहे. फ्लेक्सचं आधी बघा.

कळावे,
मार्तंड

*

रामटेक
२९ जुलै

इवाईबुवा, राम राम जी.

तुमचं पत्र जितेंद्रनं आनून देल्लं. डिंक लय लावला तुमी, उघडता उघडता तुमचं ‘सादर नमस्कार’ फाटून गेलं. तुमी नाई बोलत त मी काहून बोलू? मी बी लिहूनच राहिलो. पंचफुला मले हसून राहिली. म्हनते, “आमी दोघी इहिनी रोज फोनवर बोलतो, आन हे दोन बुढे पत्र लिवून राहिले.”

फ्लेक्स मी नाई लावला. आमच्या भजन मंडळानं लावला. लोकायनं प्रेमानं लावला, त्याले मी काय करू? आन तुमच्या बनियनले भोक मी पाडलं काय जी? फोटोत जे व्हतं तेच आलं. माह्या मोबाईलचा फोटो हाय तो, कोपऱ्यात तारीख अन् टाईम पिवळ्या आकड्यानं आपोआप छापून येते. झूठ काईच नाई त्याच्यात.

पन एक गोष्ट मले लागली, इवाईबुवा. रोवणीवाल्या बाया आमच्याकडं या दिवसात सोन्यानं मढवतो म्हटलं तरी भेटत नाई. त्या बाया मी धानाच्या बांधीतून उचलून तुमच्या घरी आनल्या. तुमी दारात उभे राहून म्हनून राहिले, “राहू द्या हो बापूजी, तुम्ही कशाला हात लावता, राहू द्या.” मी म्हनलं, पाहा, मानूस केवढ्या मनाचा हाय. मंग मी अजून जोर लावला. चुना त माह्या पदरचा व्हता. एवढं सारं केलं ते तुमाले दिसलं नाई, बनियनचं भोक तेवढं दिसलं!

इम्याचं मले नका सांगू. आमी पीक इमा भरून भरून म्हातारे झालो. बांधी बुडाली त तिकडं फोन लावाव लागते, फोटो धाडाव लागते, मंग तो साहेब येते आन इचारते, “बांधी कोन्ती?” हर्षानं इमा काढला ते बरं केलं. पोरगी माहीच हाय.

ता. क. : पत्र लिवून झालं आन मले राग आवरला नाई. चौकात जाऊन फ्लेक्स उतरवला, आन इळ्यानं मधोमध कापला. तुमचं तोंड तुमाले, माहं तोंड मले. माहा अर्धा तनसाच्या ढिगावर झाकला, तुमचा अर्धा बकऱ्यायच्या गोठ्यावर. मोबाईलातले फोटो बी सगळे पुसून टाकले. आता खूश?

बापूजी

*

सक्करदरा
१ ऑगस्ट

श्री. बापूजी यांसी,

फ्लेक्स उतरवल्याबद्दल आभार. माझी रवानगी बकऱ्यांवर केल्याबद्दल सध्या काही लिहीत नाही, कारण घरात त्याहून मोठं संकट उभं राहिलं आहे.

काल विम्याचा माणूस आला. ऋषिकेश नावाचा तरुण पोरगा, बोलायला गोड. दाराशी आला, आत डोकावला, आणि काय केलं सांगू? बूट काढले! पुराची पाहणी करायला आलेल्या माणसानं आमची फरशी बघून बूट काढले. मला त्या क्षणी अभिमान वाटला, हे कबूल करतो. तारानं पोहे दिले. पोहे खाऊन तो म्हणाला, “काका, घर छान ठेवलंय. पण पूर कोणत्या घरात आला होता?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंत पांढरीशुभ्र. मोटर दाखवली. ती तुमच्या तेलानं अशी चमकत होती की त्याला तिच्यात स्वतःचा भांग दिसला. “फिरत नाही,” मी म्हणालो. तो म्हणाला, “मोटर जळायला पूरच लागतो असं नाही काका. पाणी कुठवर आलं होतं, त्याची खूण दाखवा. बुडालेलं धान्य दाखवा. निदान फोटो दाखवा.” खूण तुमच्या चुन्याखाली, धान्य कचरागाडीत, आणि फोटो तुम्ही पुसलेले. हर्षाचा स्वतःचा मोबाईल तर पाण्यातच गेला.

त्या पोराचाही दोष नाही. आमच्या गल्लीला उतार आहे. आमच्यापासून खालची घरं बुडाली, वरची कोरडी राहिली. आणि वरच्या दोघाचौघांनी कोरड्या घरात बसून अर्ज ठोकले! शेजाऱ्यांची साक्ष काढू म्हटलं तर तो म्हणतो, शेजारी शेजाऱ्याची बाजू घेणारच. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, ताक फुंकून पितो आहे. मंगळवारी परत येईन म्हणाला. तोवर काही दाखवलं नाही तर अर्ज निकाली.

हर्षानं मोटरवर कापड टाकलं आणि शाळेत निघून गेली. खालच्या गल्लीत मदत म्हणून गव्हाची पोती आली आहेत. गहू आला, पण दळणार कुठे? गल्लीत चक्की एकच, ती आपली. लोक गहू भिजवून उकडून खातायत, लेकरं तोंड वाकडं करतात. तिला ते बघवत नाही. आणि दळण बंद म्हणून ती सदरच्या एका कपड्यांच्या दुकानात नोकरीची चौकशी करून आली, असं मला ताराकडून कळलं.

तुम्हाला आठवत असेल, तिनं चक्की टाकली तेव्हा ‘आमच्या घराण्यात कधी कोणी दळण दळलं नाही’ असं मीच म्हणालो होतो. आता दुपारी घर सुनं वाटतं हो. ती घरघर नसली की मला झोप येत नाही. पाकिटातल्या पिठाच्या पोळ्या चामड्यासारख्या होतात, हा आणखी वेगळा ताप.

हे सगळं तुमच्या स्वच्छतेमुळे झालं. आता तुम्हीच मार्ग काढा.

मार्तंड

*

रामटेक
२ ऑगस्ट

इवाईबुवा, राम राम.

घाबरू नका. मार्ग सापडला.

तुमाले चिखल पाहिजे ना? चिखलाची मले काय कमी हाय जी! जितेंद्र आपल्या दोस्ताच्या टेम्पोत दोन डरम चिखल घेऊन येऊन राहिला. माह्या बांधीतला हाय, एकदम लोन्यावानी. तुमच्या नाल्याचा चिखल वास मारते, हा मारत नाई. साहेब याच्या आधी भिंतीले मांडीइतका फासा, मोटरवर दोन बादल्या ओता, फरशीवर सांडा. पाय घसरून पडू नका.

तुमचं मन खाईल, मले ठाव हाय. तुमी सरकारी मानूस. पन झूठ कुठं हाय याच्यात? पूर आल्ता का नाई? आल्ता. चिखल व्हता का नाई? व्हता. मी पुसला. आता मीच परत करून राहिलो. उसनं घेतलं ते फेडलं, असं समजा.

हर्षाले सांगू नका. ते माह्यावर गेली, पन खरं बोलाच्या बाबतीत मायवर गेली.

बापूजी

*

सक्करदरा
५ ऑगस्ट, मंगळवार

श्री. बापूजी यांसी,

तुमचा मार्ग आज माझ्या चांगलाच अंगाशी आला.

तुमचा युक्तिवाद वाचून मी दोन दिवस विचार केला. शेवटी कचेरीतला एक शब्द आठवला, ‘पूर्वस्थितीत आणणे’. त्या शब्दानं मनाची समजूत घातली. हर्षा आज शाळेत गेल्याबरोबर मी आणि जितेंद्र कामाला लागलो. ताराला मी सांगितलं, “भिंतीला ओल आहे, माती थापतोय.” ती म्हणाली, “संसारात कधी भिंतीला हात लावला नाहीत, आज काय झालं?” मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मांडीइतका चिखल थापला. मोटर बुडवली. खरं सांगतो, काम झाल्यावर मागे सरून पाहिलं तर पुरानंसुद्धा इतकं नीट काम केलं नव्हतं. कड पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ आली होती.

ऋषिकेश साहेब आले. या वेळी बूट काढले नाहीत. मला हायसं वाटलं. ते भिंतीजवळ वाकले, आणि चिखलातून दोन बोटांनी एक हिरवी काडी उपटली.

“काका, हे काय?”

“गवत,” मी म्हणालो.

“हे धानाचं पऱ्हं आहे. माझं गाव भंडाऱ्याकडचं. लहानपणापासून हेच रोवत आलो.” मग त्यांनी आणखी एक उपटलं, आणखी एक उपटलं. मूठभर रोपं झाली. “तुमच्या नाल्याला धान कधीपासून पिकायला लागलं?”

मी तोंड उघडलं. नेमकं तेच तोंड, जे तुमच्या फ्लेक्सवर आहे. तेवढ्यात मोटरखालून एक खेकडा बाहेर आला, आमच्या दोघांमधून तिरपा तिरपा चालत गेला आणि साहेबांच्या बुटावर चढला. तुमच्या बांधीतला खेकडा, व्याहीबुवा! तुम्ही चिखल गाळूनसुद्धा पाठवला नाही!

साहेब हसले नाहीत. म्हणाले, “काका, तुम्ही भिंतीला चुना लावला ते ठीक. कंपनीला लावू नका.” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि दारात कोण उभं? हर्षा. हातात खिचडीचा रिकामा गंज. तिनं भिंत पाहिली, रोपं पाहिली, खेकडा पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना सरळ म्हणाली, “साहेब, हा चिखल माझ्या वडिलांच्या बांधीतला आहे. पण पूर आमच्या घरात खरंच आला होता. खरा पुरावा सापडला तर बघाल का?” साहेब शुक्रवारी शेवटचं येतो म्हणाले. खोट्या पुराव्याबद्दल वरती लिहायचं की नाही, ते शुक्रवारवर सोडलं आहे.

आता हर्षा माझ्याशी बोलत नाही. अबोल्याची ही रीत तिनं माझ्याकडूनच उचलली असावी. तिची चक्की गेली, ती तुमच्या-माझ्यामुळे गेली. मला फार वाईट वाटतं आहे, बापूजी. जेवण जात नाही.

मार्तंड

*

सक्करदरा
६ ऑगस्ट

बाबा आणि मामाजी, दोघांनाही,

एकच पत्र दोनदा लिहून राहिले. एक जितेंद्रदादाच्या हाती, एक मामाजींच्या दाराखालून. तुमच्या घरात बोलायचं असलं की लिहावं लागते, हे मला आता समजलं.

मामाजी, त्या दिवशी शाळेत जाताना मी तुम्हाला काय सांगितलं होतं? “विम्याचा माणूस येईपर्यंत कशालाही हात लावू देऊ नका.” साफ सांगितलं होतं. आज सासूबाईंना विचारलं, मग कळलं काय झालं ते. बाबांचा ट्रॅक्टर आला. आता व्याह्यांना तोंडावर ‘हात लावू नका’ कसं म्हणायचं? म्हणून तुम्ही म्हणाले, “राहू द्या हो, तुम्ही कशाला हात लावता.”

आणि बाबा, तुम्ही काय समजले? लग्नात जेवायला बसलं की लोक ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणतात आणि आपण आणखी दोन पुरणपोळ्या वाढतो, तसं समजले. ते ‘राहू द्या’ म्हणत गेले आणि तुम्ही धूत गेले. ते जितकं जोरात म्हणाले, तितका तुम्ही जोर लावला. शेवटी चुना मारला! तुम्हा दोघांच्या मानपानात माझी चक्की धुऊन निघाली.

मला राग आहे, पण रडूही येऊन राहिलं. खालच्या गल्लीतली रुख्मिणी मावशी काल म्हणाली, “पोरी, तुझा तरी विमा आहे वं. आमचं गेलं ते गेलंच.” तिची शिलाई मशीन गेली, धाग्यांची रिळं गेली. तिला कुणी विमा काढ म्हणून सांगितलंच नव्हतं. आणि माझा विमा असून मी तिच्यासारखीच बसणार, कारण माझ्या माणसांनी मला लय प्रेमानं मदत केली. मदत करायची तर झाडू-फडा उचलण्याआधी एवढंच लक्षात ठेवा, आधी फोटो, मग फडा.

आता कामाचं. बाबा, तुमच्या फोटोवर तारीख-वेळ छापून येते, असं तुम्हीच सांगत असता. मोबाईलातले पुसले, छापणाऱ्या दुकानदाराकडेही नाहीत, मी फोन करून विचारलं. मग उरला तो फ्लेक्स. त्याच्यात मोटर आहे, चिखल आहे, मागे भिंतीवर पाण्याची खूण आहे. कुठे आहे तो? शुक्रवारच्या आत दोन्ही अर्धे पाहिजेत, कारण तुम्ही रागात मोटरच मधोमध कापली आहे.

मामाजी, बनियनचं भोक साहेबांना दिसेल. त्याला माझा इलाज नाही.

हर्षा

*

रामटेक
७ ऑगस्ट

बेटा हर्षा,

तुहं पत्र तुह्या मायनं मले वाचून दाखवलं, आन वाचता वाचता मधीमधी माह्याकडं पाहून राहिली. ते पाहनं पत्रापेक्षा जड व्हतं.

फ्लेक्स सापडला. माहा अर्धा तनसाखालून काढला, चांगला हाय. तुह्या सासऱ्याच्या अर्ध्याचं थोडं गडबड झालं. बकऱ्यायनं बनियनजवळचा कोपरा चघळला. भोक पहिले चार आन्याएवढं व्हतं, आता ताटाएवढं हाय. पन मोटर साबूत, भिंत साबूत. पानी कुठवर आल्तं ते भिंतीवर साफ दिसून राहिलं. मी बसून दाभनानं आन सुतळीनं दोन्ही अर्धे शिवाले घेतले, पन तुही माय म्हनली, “शिवू नका. साहेबाले वाटन पुन्हा काही बनवलं.” म्हनून जसे हायेत तसे आनतो.

उद्या सकाळी मी सोता येतो. ट्रॅक्टर आनत नाई, मानसं आनत नाई, बादली बी आनत नाई. हात खिशात ठेवून येतो.

इवाईबुवांले सांग, मी त्यायचं ‘राहू द्या’ समजलो नाई. पन त्यायनं बी एकदा तरी डोळे वटारून म्हनाव लागत व्हतं.

तुहा बाबा

*

सक्करदरा
२८ ऑगस्ट

प्रिय व्याहीबुवा,

आता आपण पुन्हा बोलतो आहोत, तरी हे पत्र लिहितो. काही गोष्टी फोनवर सांगताना मला अवघड होतं, आणि शिवाय जितेंद्रच्या वाचनात खंड पडायला नको.

त्या शुक्रवारची गंमत ताराला मी रोज सांगतो, तिला ती पाठ झाली, तरी पुन्हा सांगतो. तुम्ही तुमचा अर्धा धरून दाराच्या एका बाजूला, मी माझा अर्धा धरून दुसऱ्या बाजूला. साहेब मध्ये. मोटर काही जुळेना. तुमची मोटर वर, माझी खाली. साहेब म्हणाले, “जवळ या, आणखी जवळ या.” खांद्याला खांदा लागला. तुमच्या अंगाला तणसाचा वास, माझ्या अर्ध्याला बकऱ्यांचा. तरी कोपऱ्यातली तारीख अंधारातच. आणि तुम्ही, सवयीनं, म्हणालात, “जरा उजेडाकडे सरका.”

मी म्हणालो, “सरकलो.”

म्हणालो आणि जीभ चावली. दिलेला शब्द गेला. पण मोटर जुळली. साहेबांनी पिवळे आकडे वाचले, भिंतीवरची खूण वाचली, धान्याची बुडालेली पोती मोजली. मग माझ्याकडे पाहिलं, फ्लेक्सवरच्या माझ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि खेकड्यापासून दाबून धरलेलं त्यांचं सगळं हसू तिथे बाहेर पडलं. दाराच्या चौकटीला धरून हसले हो. डोळे पुसून म्हणाले, “काका, असं तोंड करून कोणी खोटा पूर दाखवू शकत नाही.” दोन्ही अर्ध्यांचे फोटो काढून घेतले. विमा कंपनीच्या दप्तरात आता मी कायमचा बनियनवर आहे. चिखलाबद्दल त्यांनी वरती काही लिहिलं नाही, हर्षानं आधीच खरं सांगितलं म्हणून. पण मला बाजूला घेऊन जे सुनावलं, ते सदतीस वर्षांत कुठल्या साहेबानं सुनावलं नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. मोटर, पट्टे, धान्य, सगळं मान्य. तुमचा चुना तेवढा अमान्य. परवा नवी मोटर बसली. पहिलं दळण खालच्या गल्लीतल्या मदतीच्या गव्हाचं. बायका डोक्यावर डबे घेऊन रांगेत उभ्या, सगळ्यांत पुढे रुख्मिणीबाई. हर्षानं बटण दाबलं आणि चक्की घरघरली, तेव्हा मी ओसरीवर खुर्चीत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तारानं विचारलं तर म्हणालो, पीठ गेलं. पण पीठ अजून उडायचं होतं, हे तिलाही कळलं.

सध्या माझा उद्योग वेगळाच आहे. संध्याकाळी काठी घेऊन गल्लीत घरोघर जातो आणि विमा काढा म्हणून सांगतो. पुराचं कलम आहे का, ते विचारून घ्या. कागद वरच्या माळ्यावर ठेवा. पाणी आलं तर आधी फोटो, मग फडा. गल्लीतले दत्तोपंत माझंच वाक्य मला ऐकवत म्हणाले, “मार्तंडराव, पुराला अक्षत देऊन बोलावू नका.” मी म्हणालो, “पंत, तो नाल्यातला पाहुणा आहे. अक्षतीची वाट बघत नाही.” रुख्मिणीबाईच्या मशीनसाठी गल्लीनं मिळून काही तरी करायचं ठरलं आहे, आणि मशीन आली की त्याच दिवशी तिचा विमा, असं मी आधीच बजावून ठेवलं आहे. आमच्या घराचाही काढला. तुमच्या घराचा आणि गोठ्याचा काढला की नाही, ते कळवा. बकऱ्यांचाही निघतो म्हणे. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, भोक मोठं केलं तरी मोटर खाल्ली नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो, ते. चक्कीचं पीठ उडून घरात येतं म्हणून हर्षाला दाराला पडदा हवा होता. काल बाहेरून आलो तर चक्कीच्या दारात आपला फ्लेक्स! दोन्ही अर्धे सुतळीनं शिवून, गल्लीकडे तोंड करून. तुम्ही, मोटर, बाण, ‘पूरग्रस्त’, आणि ताटाएवढं भोक. दळणाच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या. मला पाहून हर्षा लगबगीनं स्टुलावर चढली आणि तो काढायला लागली. म्हणाली, “मामाजी, तुम्ही यायच्या आत बदलणार होते, दुसरं कापड आणते.”

मी म्हणालो, “राहू दे गं.”

ती स्टुलावरच थांबली. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “मामाजी, हे खरं ‘राहू दे’ आहे, की व्याह्यांतलं?”

“खरं,” मी म्हणालो.

तो तिथेच आहे. गणपती उठले की विहिणीबाईंना घेऊन या आणि तुम्हीच बघा. येताना हात खिशात ठेवायची काही गरज नाही. दोन डबे दळून ठेवतो, ते न्यावे लागतील.

तुमचा,
मार्तंड (पूरग्रस्त)